माझं जेवण व्हायचंय

"सूनबाई, जेवतीयास का रवंथ करतीयास?"

मामंजी स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. एका हातात अडकित्ता, दुसऱ्या हातात सुपारी. त्यांचं जेवण होऊन, हात धुऊन, अंगणात एक फेरी मारून झाली होती. माझ्या ताटात मात्र पहिली भाकरी अजून अर्धी शिल्लक होती. लग्न होऊन मला विट्याला येऊन आठवडासुद्धा झाला नव्हता. नव्या सुनेनं अशा वेळी काय करायचं असतं, ते मला चांगलं ठाऊक होतं. घास तसाच टाकायचा, पदर सावरायचा आणि उठायचं.

मी तोंडातला घास नीट चावला, गिळला आणि म्हणाले, "जेवतेय, मामंजी."

"बरं," ते म्हणाले. "जेव. पर आजच्या आज उरक."

मामंजी एस.टी.त कंट्रोलर होते. सगळी नोकरी स्टँडवर गेलेली. गाडी लागली, गाडी सुटली, चालकाला चहाला एवढीच मिनिटं, वाहकाला तेवढीच. निवृत्त झाले, पण त्यांच्या अंगातलं स्टँड काही निवृत्त झालं नाही. घरात कोण किती वाजता उठलं, आंघोळीला कुणाला किती वेळ लागला, यावर त्यांचं बारीक लक्ष असायचं. जेवायला बसले की मान खाली घालायचे, ती ताट रिकामं झाल्यावरच वर. "जेवण म्हंजी काय, इंजिनात पाणी घालायचं. घातलं, झाकण लावलं, निघालं," असं ते म्हणायचे. माझा नवरा उत्तम आणि नणंद शालन, दोघंही त्याच वळणाचे. शालन कॉलेजात जात होती. तिचं जेवण म्हणजे भाकरीची गुंडाळी करायची आणि चपला घालता घालता संपवायची.

आणि आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, त्या तर जेवायला बसायच्याच नाहीत. भाकरी थापताना डाव्या हाताशी एक चतकोर असायची, तिच्यावर भाजी. तव्यावरची भाकरी उलटायची, एक घास तोंडात टाकायचा. तवा उतरला की त्यांचं जेवणही झालेलं असायचं. मी आधी समजले, बाईंना उपास असतील.

मी कामाला आळशी नव्हते, हे आधी सांगून टाकते. पहाटे उठून पाणी भरणं, धुणं, भाकऱ्या, सगळं झपाट्यानं करायचे. आत्यासुद्धा शेजारणीला सांगायच्या, "कामाला घोडं हाय पोर. निस्तं ताटावर बसली की बैल बसल्यागत बसती." माहेरी आटपाडीलाही माझी ही ख्याती होती. आई म्हणायची, हिच्या ताटावरनं उन्हं फिरून जातात. पण तिथं कुणी मला उठवलं नव्हतं. मला मुद्दाम रेंगाळायची हौस नव्हती. चव लागल्याशिवाय घास गिळवत नाही, एवढंच. काहींना पायात चप्पल घातल्याशिवाय बाहेर पडवत नाही, तसं.

मी प्रयत्नही केला. उत्तम एकदा अंगणात सायकल पुसता पुसता हळूच म्हणाला, "जरा भरभर खात जा की. आबांना आवडत नाही." नवीन लग्न, त्यात इतक्या गोड आवाजात सांगितलेलं. मी म्हटलं, बघू. पुढचे काही दिवस मी घास नुसते ढकलले. पोटात गोळा उठायचा, उचक्या लागायच्या. एका दुपारी ठसका लागला तो थांबेचना. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. शालननं पाठीवर थापट्या मारल्या. मामंजी बाहेरून ओरडले, "पाणी द्या तिला!" आणि पुन्हा पेपर वाचायला लागले.

ठसका थांबल्यावर मी तिथंच बसून राहिले. समोर ताट होतं. मग मी ते जवळ ओढलं आणि सावकाश, माझ्या चालीनं, शेवटच्या शितापर्यंत जेवले. संध्याकाळी उत्तमला सांगितलं, "तुमच्या घरातलं सगळं ऐकेन. लुगडं कुठलं नेसायचं, माहेरी कधी जायचं, सगळं. पण घास माझ्या तोंडात आहे, तो मी चावणार."

तो हसला. पुढं काय होणार, याची त्याला कल्पना नव्हती, आणि मलाही नव्हती.

दिवाळीनंतर शालनला स्थळ सांगून आलं. वाळव्याकडचे लोक. मुलगा सोसायटीत नोकरीला, पाण्याखालची शेती, दारात जीप. मध्यस्थ होते तात्या पवार, मामंजींचे एस.टी.तले जुने सोबती. मुलानं शालनला एका लग्नात पाहिलं होतं, पसंत केलं होतं. आता मुलाचे आई-वडील घर बघायला येणार आणि जेवूनच जाणार. त्यांना बरं वाटलं की सुपारी फोडायची. मामंजी त्या स्थळावर एवढे खूश होते की आदल्या दिवशी त्यांनी स्वतः अंगण झाडलं.

संध्याकाळी त्यांनी मला बोलावलं. "सूनबाई, उद्या पाव्हण्यांच्या पंगतीला तू बसू नगंस."

"बरं," मी म्हटलं. "मग मी कधी जेवू?"

"मागनं. त्यांची जीप गेल्यावर. जेव मग अंधार पडंपर्यंत, मी इचारायचा न्हाई."

मला राग आला. पण प्रसंग शालनचा होता, म्हणून मी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले, बरोबर तात्या आणि त्यांची बायको. मुलाचे वडील बापूसाहेब, धिप्पाड गडी, पांढराशुभ्र शर्ट, मनगटात सोन्याचं कडं. त्यांच्या मागून त्यांची बायको. बारीक अंगाची, ओठ मिटलेले, आणि नजर सारखी नवऱ्याच्या पाठीवर. सगळे तिला काकी म्हणत होते, मग मीही काकीच म्हणाले.

पुरुषांची पंगत बाहेर झाली. मामंजी आणि बापूसाहेब शर्यत लावल्यासारखे जेवले. मी श्रीखंड वाढायला गेले तेव्हा भात वाढायची वेळ आली होती, आणि भात घेऊन आले तेव्हा दोघं हात धुवायला उठले होते. बापूसाहेब ढेकर देऊन म्हणाले, "आपलं जमलं बघा. मला जेवणात टाइमपास करणारा माणूस बघवत न्हाई." मामंजींची छाती फुगली.

मग आत बायकांची पानं घेतली. काकींचं, तात्यांच्या बायकोचं आणि शालनचं. आत्या वाढायला. काकी पाटावर बसल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ही सून न्हवं तुमची? हिचं पान कुठं हाय?"

"ती मागनं बसंल," आत्या म्हणाल्या.

"मागनं कशाला? बस की गं पोरी. माझ्या शेजारी बस. वाढायला सासू हाय की तुझी, एक दिवस." काकी हसल्या. त्या घरात आल्यापासून पहिल्यांदा हसल्या असतील. आत्यांनी माझ्याकडे पाहिलं. पाहुणीचा शब्द मोडायचा कसा? त्यांनी चौथं पान मांडलं.

मी बसले आणि जेवायला लागले. पुरी, बटाट्याची भाजी, मसालेभात, श्रीखंड. काकींनी पहिल्यांदा भराभर पुऱ्या उचलल्या. मग माझ्याकडे बघितलं. त्यांचा हात हळूहळू मंदावला. "भाजी बरी झालीय," त्या म्हणाल्या. "कुणी केली?" मी म्हटलं, मी केली. "जिऱ्याची फोडणी हाय. आमच्यात मोहरीच घालत्यात." आम्ही फोडणीवर बोलत राहिलो. तात्यांची बायको आणि शालन जेवून बसल्या होत्या. पाहुणी उठल्याशिवाय त्यांना उठता येत नव्हतं.

इतक्यात बाहेरून बापूसाहेबांचा आवाज आला. "झालं का न्हाई गं? निघायचंय!"

काकी दचकल्या. श्रीखंडाच्या वाटीत त्यांनी नुकतं बोट घातलं होतं. ते चाटलं न चाटलं, आणि त्या अर्ध्या उठल्या. वाटी तशीच भरलेली.

मी म्हटलं, "काकी, बसा की. श्रीखंड राहिलंय तुमचं."

त्या तशाच अर्ध्यावर अवघडल्या. दाराकडे बघितलं, वाटीकडे बघितलं, मग माझ्या ताटाकडे. माझ्या ताटात अजून भात होता, दोन पुऱ्या होत्या.

"पंगतीतली पोर जेवतीया," त्या दाराच्या दिशेनं म्हणाल्या. आवाज बारीक होता, पण बाहेर ऐकू गेला. "ती उठल्याबिगर मी कशी उठू?" आणि त्या पुन्हा पाटावर बसल्या. मांडी घालून, ऐसपैस. वाटी ओढून घेतली.

बाहेर जीपचा हॉर्न वाजला. एकदा. मग पुन्हा, लांबलचक.

मामंजी आत आले. चेहरा लाल झालेला. पाहुणीसमोर जोरात बोलता येईना, म्हणून दातावर दात ठेवून म्हणाले, "सूनबाई, ऊठ."

आत्यांच्या हातातली श्रीखंडाची पळी तशीच थांबली. शालननं माझ्या मांडीला हळूच चिमटा काढला, ऊठ म्हणून की उठू नकोस म्हणून, ते मला त्या वेळी कळलं नाही. काकी मान खाली घालून श्रीखंड खात होत्या. सावकाश. एवढं सावकाश, की जणू वाटीला तळ लागू नये अशी त्यांची इच्छा होती.

"मामंजी," मी म्हणाले, "माझं जेवण व्हायचंय. काकींचंही व्हायचंय."

त्यांच्या मागे दारात बापूसाहेब येऊन उभे राहिले होते. ते मोठ्यानं हसले, पण डोळे हसले नाहीत. "कमाल हाय बाबा तुमच्या घराची," ते मामंजींना म्हणाले. "आमच्यात बायका कधी जेवत्यात, काय खात्यात, आमाला पत्ता न्हाई. इचारावं बी लागत न्हाई. शिस्त!"

असं म्हणून ते वळले. काकींनी वाटी पुसून खाल्ली, मग उठल्या. हात धुताना माझ्या खांद्यावर ओला हात ठेवला. जीप गेली. मी ताटातला भात संपवला.

दोन दिवसांनी तात्या पवार आले. चहा घेतला नाही, यावरूनच आम्ही ओळखलं. "योग न्हाई म्हणत्यात," ते म्हणाले. मामंजींनी कारण विचारलं. तात्या आधी आढ्याकडे बघत राहिले, मग म्हणाले, "घराला वळण न्हाई म्हणत्यात. सून सासऱ्याला उलट बोलती, उद्या लेक आमच्यात येऊन तेच करंल."

तात्या गेले आणि मामंजींनी सगळ्यांना सोप्यात बोलावलं. ते ओरडले नाहीत. स्टँडवर गाडी रद्द झाल्याचं सांगावं, तशा आवाजात म्हणाले, "उत्तम, हिला आटपाडीला पोचीव. उद्या साडेबाराची गाडी हाय. ऱ्हाऊ दे म्हैना-दोन म्हैने. जेवायला शिकून येऊ दे."

"आबा, जेवणावरनं कोण..." उत्तमनं सुरुवात केली.

"ह्या पोरीचं सोन्यासारखं ठिकाण गेलं! कुणापायी गेलं?"

"गेलं ते बरं झालं," शालन म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. ती भिंतीला टेकून उभी होती, हात मागे बांधून. "त्या काकीनं वाटी कशी खाल्ली, बघितलं का कुणी? मला त्या घरात जायचं नव्हतंच. मी बोलणार होते, पण धीर होत नव्हता."

"तू गप ऱ्हा!"

आत्या दाराच्या चौकटीत उभ्या होत्या. त्या तशाच आत निघून गेल्या. त्यांचं वागणं मला सगळ्यात जास्त लागलं. मला वाटलं, निदान ही बाई म्हणेल, पोरीची काय चूक.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाणी भरलं, धुणं धुतलं, भाकऱ्या थापल्या. पिशवी भरून सोप्यात ठेवली. बारा वाजायला आले तसे मामंजी टोपी घालून तयार झाले. मला बसवून देण्याचं काम ते स्वतः करणार होते, उत्तमवर त्यांचा भरवसा नव्हता. उत्तम माझी पिशवी सायकलच्या हँडलला अडकवून अंगणात उभा राहिला. तो माझ्याकडे बघत नव्हता.

"चल," मामंजी म्हणाले.

"जेवून येते," मी म्हणाले.

"काय?"

"जेवले नाही अजून. उपाशी गेले तर आटपाडीला आई विचारेल, सासरी जेवायला घातलं नाही का. काय सांगू?"

त्यांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं. "धा मिंटं," ते म्हणाले.

मी आत गेले, पाट घेतला आणि बसले. आत्यांनी ताट वाढलं. ज्वारीची भाकरी, आमटी, मेथीची भाजी, कांदा. शालन कोपऱ्यात शेंगा फोडत होती. मी पहिला तुकडा मोडला. तो आमटीत बुडवला आणि विरघळेपर्यंत चावला. बाहेर मामंजींच्या चपला वाजत होत्या, अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी दुसरा घास घेतला.

"झालं का?"

माझ्या तोंडात घास होता.

आत्यांनी ओटा पुसला. पुसलेला ओटा पुन्हा पुसला. मग फडकं खाली टाकलं, फळीवरचं एक ताट काढलं, त्यात भाकरी घेतली, आमटी ओतून घेतली, दुसरा पाट ओढला आणि माझ्या शेजारी येऊन बसल्या. गुडघे दुखायचे त्यांचे, त्यामुळे बसताना हात जमिनीला टेकवावा लागला. शालनच्या हातातली शेंग तशीच राहिली.

मामंजी दारात आले. "आगं, तू काय बसलीस?"

"जेवाया."

"आत्ता?"

"मग कवा?"

त्या काही त्यांच्याकडे बघत नव्हत्या. त्यांनी तुकडा मोडला, आमटीत बुडवला, तोंडात टाकला. सवयीनं लगेच गिळायला गेल्या, मग थांबल्या. माझ्याकडे बघितलं आणि माझ्यासारखं चावायला लागल्या. गाल हलत होते, कपाळावर आठ्या पडल्या होत्या. एक घास, मग दुसरा. मग हात ताटातच थांबला.

"प्रभे," त्या म्हणाल्या, "आमटी खारट झालीया."

मी कांद्याची फोड उचलली.

"का गं? आज मीठ दोनदा पडलं का काय?"

"नाही, आत्या."

"मग?"

"रोज अशीच असते."

"रोज?" त्यांनी शालनकडे बघितलं. शालननं मान डोलावली. "रोजच असती, आई. आम्हाला सवय झालीय."

आत्यांनी आमटीत बोट बुडवून पुन्हा चाखलं. मग मान वर करून दाराकडे बघितलं. "आवं," त्या म्हणाल्या, "आमटी खारट असती व्हय हो माझी?"

मामंजी गडबडले. त्यांना मी पहिल्यांदाच गडबडलेलं बघत होते. "मला काय ठावं?" ते म्हणाले. "जेवताना कोण बघत बसतंय?"

"लगीन झाल्यापासनं रांधतीया मी," आत्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "आमटी कशी झालीया, येवढं एकदा तरी बघायचं व्हतं."

मामंजी हातातल्या घड्याळाकडे बघायला गेले आणि तेही अर्ध्यावर सोडलं. अंगणातून उत्तमचा आवाज आला, "आबा, साडेबारा वाजून गेले. आटपाडी गेली असंल."

आत्यांनी आणखी एक तुकडा मोडला.

"जाऊ दे," त्या म्हणाल्या, अंगणापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. "पिशवी आत आणून ठेव, उत्तमा. शालन, आमटीत वाईच गरम पाणी घाल, एक उकळी काढ, आन् तुझं पान घिऊन इथं बस. आन् कुणाला घाई आसंल तर त्यांनी हातानं वाढून घ्यावं."

मामंजी तसेच उभे राहिले. चपला काढाव्यात की नाही, त्यांना ठरवता येत नव्हतं.

शालननं आमटीचं पातेलं पुन्हा गॅसवर चढवलं. मी आणखी एक भाकरी मागून घेतली.